चार पर्यायांचे सर

आमचे सर रोज संध्याकाळी पबमध्ये जात आणि परीक्षा देऊन येत.

पब म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं ते सरांच्या बाबतीत सपशेल चूक आहे. सरांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. ते संत्र्याचा ज्यूस घेत, तोही अर्धा ग्लास, त्यात नळाचं पाणी घालून, आणि तेवढ्यावर अख्खी संध्याकाळ काढत. त्यांचं काम असे ते टॉयलेटच्या दाराशेजारी भिंतीला टेकून ठेवलेल्या मशीनशी. त्या काळी इंग्लंडात कुठल्याही पबात शिरलात तरी असं एक क्विझचं मशीन दिसायचं. नाणं टाकायचं, पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार उत्तरं, कोपऱ्यात सेकंद पळत असतात. बरोबर उत्तरावर बोट ठेवत वर वर चढत गेलात की मशीन खरोखरचे पैसे बाहेर टाकतं. पोटात दोनचार बिअर गेलेली मंडळी हसतखिदळत त्यावर एखादा पौंड उधळत. सर मात्र आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, दही-साखर खाऊन तिथं उभे राहत.

हातावर दही-साखर घालायचं काम माझ्याकडे होतं. मी पुण्याहून एका आयटी कंपनीच्या कामासाठी कॉव्हेंट्रीला आलो होतो आणि सरांच्या घरातली सगळ्यात लहान खोली भाड्यानं घेतली होती. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टर. संध्याकाळी त्या बहुतेक ड्यूटीवर असत. स्वतःच्या हातानं घेतलेलं दही लागू पडत नाही, असा सरांचा सिद्धांत होता. त्यामुळे मी ऑफिसमधून येऊन बूट काढायच्या आत सर तळहात पुढे करून उभे. भाड्यात वीज, पाणी, हीटिंग धरलेलं होतं, दही माझ्याकडून.

ते कुणाचे सर, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. पुढे समजलं की पुण्याला एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ते सामान्य ज्ञान शिकवत. वहिनींना इकडे नोकरी लागल्यावर त्यांच्या व्हिसाच्या शेपटाला धरून सरही आले, आणि येताना 'सर' हे पद तेवढं बरोबर आणलं. इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना सर म्हणत, मी सर म्हणे. ते वहिनींना 'डॉक्टर' म्हणत आणि वहिनी त्यांना 'अहो' म्हणत, पण त्या 'अहो'च्या सुरावरून घरातलं हवामान कळे.

सरांना साधा सरळ प्रश्न विचारलेला चालत नसे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, चहा घेणार?" सर म्हणाले, "हा काय प्रश्न झाला? पर्याय दे." मला वाटलं गंमत करताहेत. तेवढ्यात आतून वहिनी ओरडल्या, "अ, चहा. ब, कॉफी. क, नुसतं गरम पाणी. ड, काही नको." सरांनी लगेच "अ" म्हटलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. त्या घरात सगळं असंच चाले. आज भाजी कसली, पडदे कुठल्या रंगाचे, सुट्टीत भारतात जायचं की नाही. वहिनी रात्रपाळी करून थकून आलेल्या असोत की घाईत निघालेल्या, चार पर्याय मांडल्याशिवाय सरांचं तोंड उघडत नसे. पर्याय मांडले की मात्र उत्तर ताबडतोब. त्या वेगाचा त्यांना अभिमान होता. पर्याय शोधण्यात समोरच्याचं आयुष्य जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

याचं मूळ वहिनींनी मला एकदा सांगितलं. सर सरकारी अधिकारी होणार होते. पूर्वपरीक्षा दणक्यात, लेखी परीक्षा त्याहून दणक्यात, आणि मुलाखतीत घोडं पेंड खाई. शेवटच्या मुलाखतीत समोरच्या साहेबानं विचारलं, "तुम्हाला हे पद का हवंय?" सर गप्प. साहेबानं पुन्हा विचारलं. सर पुन्हा गप्प. "अरे, हे पर्यायांची वाट बघत बसले होते!" वहिनी सांगायच्या आणि खो खो हसायच्या. पहिल्यांदा मीही हसलो. पुढच्या वेळी ऐकताना लक्षात आलं, की हसून झाल्यावर त्या लगेच उठून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतात.

तर मशीन. सर त्याला मशीन म्हणत नसत, 'बोर्ड' म्हणत. "आज बोर्ड जरा कडक होतं." "बोर्डानं आज टेनिसवर धरलं." सरांचा अभ्यास बघून माझी छाती दडपायची. त्यांनी जन्मात फुटबॉलला लाथ मारली नव्हती, पण कुठल्या साली कुणी कुणाला किती गोलांनी हरवलं हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. इंग्लंडच्या सगळ्या राजांच्या सगळ्या राण्या त्यांना पाठ होत्या, शिरच्छेद झालेल्या वेगळ्या, न झालेल्या वेगळ्या. दुपारी ते टीव्हीवरच्या इंग्रजी मालिका बघत, पण रस म्हणून नव्हे, सिलॅबस म्हणून. एखादी बाई नवऱ्याच्या नावानं टाहो फोडत असली तर सर म्हणत, "हा तिचा तिसरा. हे विचारतात." आणि इतकं ज्ञान असलेल्या या माणसाला आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते हे मात्र माहीत नव्हतं. ते कधी कुणी विचारलंच नव्हतं ना!

मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेलो. बघण्यासारखं असे. प्रश्न पडद्यावर पुरता उमटायच्या आत सरांचं बोट उत्तरावर. पहिले तीन शब्द वाचले की त्यांना पुढचा प्रश्न कळायचा, कारण तेच प्रश्न फिरून फिरून येत. "सर, वाचा तरी नीट," मी म्हटलं. "वाचतात ते हरतात," सर म्हणाले. "बोर्डाला वेळ दिला की ते वेळ खातं." बक्षीस जवळ आलं की प्रश्न अवघड व्हायचे, तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघितलंस? द्यायची वेळ आली की यांची नियत फिरते. तिथंही असंच केलं होतं माझं." 'तिथं' म्हणजे मुंबईत, मुलाखतीला. पण कॉव्हेंट्रीत सर जिंकत. धडधड करत नाणी खालच्या पन्हाळीत पडत, पबमधले दोघंचौघं टाळ्या वाजवत, आणि बारमागची मॅनेजरबाई म्हणे, "यू'व्ह डन इट अगेन, प्रोफेसर! नाऊ बाय अ ड्रिंक, लव्ह." सर नम्रपणे आणखी नळाचं पाणी मागत.

जिंकलेली नाणी देवघरातल्या स्टीलच्या डब्यात जात. एक तारखेला सर तो डबा देवापुढून उचलून वहिनींच्या हातात देत आणि म्हणत, "पगार." वहिनी डबा घेत, नमस्कार करत आणि ती नाणी हॉस्पिटलच्या कार पार्कमधल्या मशीनला घालत. एका मशीननं दिलेलं दुसरं मशीन खाई, आणि मधे वहिनी ड्यूटी करत. यावर सर एकदा मला म्हणाले, "तुझ्या वहिनीचं पार्किंग माझ्याकडे असतं." त्यांच्या चेहऱ्यावर कर्त्या पुरुषाचं समाधान होतं. मला हसू दाबता येईना म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं.

याआधी सर ज्या पबात जात, त्या पहिल्या पबानं त्यांच्यावर बंदी घातली होती. सगळी नाणी हा एकटा माणूस नेतो आणि पीत काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा कुणी शरमेनं गप्प राहिला असता. सर ही गोष्ट पाहुण्यांना आवर्जून सांगत. "तिथं मला मज्जाव आहे," हे वाक्य ते असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकारनं यांना तडीपार केलंय.

मंडळाच्या गणपतीत सरांकडे मुलांची प्रश्नमंजुषा दिली, ती एकदाच. इथं जन्मलेली एक सातआठ वर्षांची मुलगी, परकर-पोलकं घालून, मोठ्या हौसेनं पुढे आली. सरांनी विचारलं, "गणपतीचं वाहन कोणतं? अ, मोर. ब, उंदीर. क, गरुड. ड, बैल." मुलगी आनंदानं ओरडली, "माऊस!" सर म्हणाले, "चूक. पर्यायात माऊस नाही." मुलीचे ओठ थरथरायला लागले. तिची आई उठली. "सर, अहो, बरोबरच सांगितलंय तिनं!" सर ठाम. "पर्यायात असेल तेच उत्तर." बक्षिसाचा कंपासबॉक्स त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही, सरांनी तो परत घरी आणला आणि त्यात कात्री, सेलोटेप ठेवायला सुरुवात केली. त्या मुलीची आई पुढे वहिनींशीसुद्धा नीट बोलेना. वहिनींची काय चूक होती? पण सरांच्या उत्तरांचे गुण नेहमी वहिनींच्या खात्यातून कापले जात.

मग एक दिवस सरकारनं सरांच्या मनासारखा नियम केला. इथं कायमचं राहायचं असेल तर ब्रिटनची माहिती किती आहे याची परीक्षा द्यायची. नवऱ्यानं, बायकोनं, दोघांनीही. संगणकावर प्रश्न, खाली पर्याय. आमच्या ओळखीतले सगळे परीक्षेचं पुस्तक आणायला धावले. सरांच्या चेहऱ्यावर मात्र मी कधी पाहिलं नव्हतं असं तेज आलं. "म्हणजे आता बोर्ड सरकारी झालं," ते म्हणाले.

वहिनींचं सगळं या परीक्षेवर अडलं होतं. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात त्यांना कायमची जागा मिळत होती. रात्रपाळ्या कमी, पगार बरा, आणि दर थोड्या वर्षांनी व्हिसासाठी कुणापुढे हात पसरायला नको. पण त्याआधी दोघांचे कायमच्या व्हिसाचे कागद जायला हवे होते, आणि आधीच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. वहिनींनी ऑन कॉल खोलीत बसून परीक्षेचं पुस्तक वाचलं, जाऊन परीक्षा दिली, पास होऊन आल्या आणि पुस्तक सरांच्या पुढ्यात ठेवलं. सरांनी ते उघडलंही नाही. "डॉक्टर, मी हे पुस्तक वाचायचं? हे पुस्तक मी लिहू शकतो."

परीक्षेच्या दिवशी वहिनी ड्यूटीवर, म्हणून दही मीच दिलं आणि सरांना घेऊन मीच गेलो. सर आत गेले. मी व्हेंडिंग मशीनमधून कॉफी घेतली, ती प्यायच्या जोगी निवायच्या आत सर बाहेर. बाकीचे अजून पहिल्याच प्रश्नावर असतील. "झालं?" मी विचारलं. "आपलं काय असतं?" सर म्हणाले आणि नेहमीचं बोट हवेत टपटप नाचवून दाखवलं.

सर नापास झाले होते.

काउंटरवरच्या मुलीनं कागद दिला तेव्हा सरांनी तो आधी उलटा, मग सुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "व्हिच वन्स आर राँग?" ती म्हणाली, "आय'म अफ्रेड वी कान्ट टेल यू दॅट." सरांनी हाच प्रश्न चारपाचदा विचारला, आवाज चढवत. शेवटी मराठीत माझ्यावर ओरडले, "अरे, पबातलं मशीनसुद्धा बरोबर उत्तर हिरवं करून दाखवतं! हे लोक दाखवत नाहीत म्हणजे काय?" मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बसमध्ये म्हणाले, "दही लो फॅट होतं का रे?" होतं. त्या दिवसापासून पुढचे कित्येक महिने त्या नापासाचं खापर माझ्या दह्यावर फुटत होतं.

खरा घोळ संध्याकाळी स्वयंपाकघरात कळला. मी पुस्तकातला नमुन्याचा एक प्रश्न काढला आणि सरांपुढे धरला. सरांनी पहिले तीन शब्द वाचून उत्तरावर बोट ठेवलं.

"सर, दुसरं?"

"दुसरं काय?"

"खाली लिहिलंय बघा, दोन उत्तरं निवडा. अशा प्रश्नांत दोन निवडायची असतात."

"दोन?" सर म्हणाले. "बरोबर उत्तरं दोन कशी असतील? मग बाकीच्यांना पर्याय कशाला म्हणायचं?"

जगातली सगळी उत्तरं पाठ असलेला माणूस प्रश्न न वाचता नापास झाला होता. मी तेवढ्यात हसलो, आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी दारातून आत आल्या. माझं हसू बघून त्यांना वाटलं असावं की काम झालं. मग त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला.

त्या ओरडल्या नाहीत. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या. "अहो, आता काय करायचं?"

सर म्हणाले, "पर्याय द्या, डॉक्टर."

"नाही देणार."

सरांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, कारण ते तसेच मान पुढे करून थांबले होते.

"लग्न झाल्यापासून पर्याय देतेय," वहिनी म्हणाल्या. "आता संपले माझे. मी माझा अर्ज पाठवणार आहे. लेस्टरची पोस्ट मी सोडणार नाही. तुम्ही इथं असाल की पुण्याला, मला माहीत नाही, कारण ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीये. म्हणून विचारतेय. तुम्हाला काय हवंय?"

सर वहिनींच्या तोंडाकडे बघत होते, आता 'अ' येईल, आता 'ब' येईल म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त. एवढी फुकटची हुशारी, आणि बायकोला द्यायला एक शब्द नाही! वहिनींनी पुरेशी वाट पाहिली, मग उठल्या, कोट काढून खुंटीला लावला आणि वर निघून गेल्या.

त्यानंतर मात्र सर पबमध्ये गेले नाहीत. मी एकदा सहकाऱ्यांबरोबर तिथं गेलो तर मॅनेजरबाईनं विचारलं, "वेअर्स योर प्रोफेसर? हिज मशीन्स फुल." त्यातली नाणी काढून नेणारं कुणी उरलं नव्हतं. सर घरी टेबलाशी बसून ते पुस्तक वाचत होते, शाळकरी मुलासारखं, ओळीखाली बोट धरून, तोंडानं पुटपुटत. पुस्तकातल्या काही गोष्टी त्यांना जुन्या आणि चुकीच्या वाटत. "हे आता असं नाहीये रे," ते कळवळून म्हणत. मी म्हणे, "सर, पुस्तकात असेल तेच उत्तर." कंपासबॉक्सची गोष्ट मी विसरलो नव्हतो. सर माझ्याकडे जळजळीत नजरेनं बघत आणि तेच पाठ करत.

दुसऱ्या खेपेला वहिनी रजा काढून आल्या. सरांनी सकाळी सवयीनं हात पुढे केला तो माझ्यापुढे. वहिनींनी मला बाजूला केलं आणि स्वतः दही घातलं. साईचं, दाट. सर आत परीक्षेला गेले तेव्हा मी आणि वहिनी बाहेर गाडीत बसून राहिलो. एकामागून एक लोक बाहेर आले, कुणी हसत, कुणी डोळे पुसत, आणि सर येईनात. वहिनींनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं, गाडी बंद असताना. सगळ्यात शेवटी सर आले, कागद दोन्ही हातांनी धरून, प्रसादाचं ताट आणावं तसा. पास. वहिनींनी कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बसा गाडीत. सीटबेल्ट लावा." कौतुकाचा एक शब्द नाही. आणि खरंच, कशाचं करायचं होतं कौतुक?

ते दोघं लेस्टरला गेले. मी कॉव्हेंट्रीतच दुसरी खोली घेतली. फोन दिवाळीपुरता राहिला, तोही वहिनींशी. सरांबद्दल विचारलं की त्या "बरे आहेत" म्हणत. सरांच्या नापास होण्याची गोष्ट मात्र मी सोडली नाही. ऑफिसच्या पार्टीत, मंडळाच्या पिकनिकला, जिथं चार मराठी माणसं जमतील तिथं मी ती सांगे, हवेत बोट नाचवून, 'दोन?' म्हणताना सरांचा चेहरा करून. लोक हसून लोटपोट होत.

काही वर्षांनी तीच परीक्षा द्यायची माझी पाळी आली. कॉव्हेंट्रीत लवकरची तारीख मिळेना म्हणून लेस्टरची घेतली. पुस्तक चाळलं होतं. आयटीतला माणूस, कितीसं अवघड असणार? परीक्षा केंद्रात वर जाऊन काउंटरपाशी उभा राहिलो आणि समोर पाहिलं तर सर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पुढ्यात शिक्के.

"सर! तुम्ही इथं?"

"पासपोर्ट प्लीज," सर म्हणाले. माझा फोटो आणि माझा चेहरा त्यांनी सावकाश ताडून पाहिला, भाड्याच्या खोलीत मी कुणी दुसराच राहत होतो की काय, असा. "मोबाईल इन द लॉकर. नो टॉकिंग. रीड ईच क्वेश्चन केअरफुली." हे शेवटचं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, पण मला दोनदा.

मी झटपट उरकलं. दुपारी ऑफिसची मीटिंग होती. थोड्या वेळानं सरांनी मला काउंटरवर बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. "अनफॉर्च्युनेटली," ते म्हणाले.

माझे कान गरम झाले. मागे रांग होती. मी हळूच मराठीत म्हटलं, "सर, कुठले चुकले तेवढं सांगा ना."

"वी आर नॉट पर्मिटेड टु टेल यू दॅट." सरांच्या चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता, आणि तो नसावा म्हणून त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं.

मला लिफ्टपर्यंत सोडायला मात्र ते उठून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नोकरी कशी आहे, सर?" आणि जुन्या सवयीनं पुढे म्हणालो, "अ, बरी. ब, ..."

सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"पर्याय नकोत," ते म्हणाले. "हीच हवी होती मला." लिफ्ट आली. सर जरा घुटमळले, मागे काउंटरकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगितलं तसं. रडल्या मग. अर्धा दिवस."

मी आत शिरलो. दार बंद होऊ लागलं तशी सरांनी मधे हात घातला.

"तुझे कुठले चुकले ते आम्हाला इथं दिसत नाही," ते म्हणाले. "पण दोन म्हटलं की दोन."

खाली पोचेपर्यंत मी ते 'दोन' कुठल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं तेच आठवत होतो.